सगळ्यांना सांगितलं होतं

शनिवारी कोर्टाने सेवकरामला दोषी ठरवलं आणि पोलिसांनी तिथूनच त्याला तुरुंगात नेलं. शिक्षा किती, ते सोमवारी दोन्ही बाजू ऐकून ठरणार होतं. मधला रविवार तेवढा घरच्यांच्या वाट्याला आला. मंदाबाईने सकाळीच उठून अंगण सारवून घेतलं. नवरा आत असो की बाहेर, घरी वकील येणार म्हणजे पाहुणा येणार, आणि पाहुण्यापुढे रडकं अंगण नको, अशी ती बाई.

वकील तसा परका नव्हता. वीरेंद्र तिचा मावसभाऊच. म्हणून तर सुट्टीच्या दिवशी भंडाऱ्याहून आंधळगाव आणि तिथून पुढे ट्रॅक्टरच्या चाकोरीतून मोटारसायकल हाकत तो आला होता. घरापुढच्या सपरीतल्या खाटेवर बसून त्याने पाणी घेतलं, चहा घेतला आणि मग समोर पाहिलं. खाटेच्या पायाशी सेवकरामची आई, म्हातारी शकुनबाई. चौकटीला टेकून मंदाबाई. भिंतीशी डोक्यावरचा पदर सावरत उभी होती ती रिता, धाकट्या सुखरामची विधवा, आणि तिच्या बाजूला तिची मुलगी दामिनी, भंडाऱ्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली.

शकुनबाईला दोनच लेक. धाकटा मेला होता आणि त्याच्या मरणासाठी मोठा आत गेला होता. रानडुकरं उभं धान लोळवतात म्हणून सेवकरामने शेतातल्या बांधीभोवती उघडी तार ओढली आणि रात्री तिच्यात करंट सोडला. शेजारच्या गावच्या मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहून सुखराम पहाटे धुऱ्यावरून, बांधाच्या पायवाटेने, घरी येत होता, तो तारेला चिकटला. खून नाही, पण माणूस मरू शकतो हे ठाऊक असून केलेलं काम, असं कोर्ट म्हणालं. म्हातारीला त्यातलं एवढंच उमगलं, की एका लेकाच्या मरणाची भरपाई दुसऱ्या लेकाकडून मागत आहेत आणि दोन्हीकडून तीच नागवली जात आहे.

"दहा वर्षांपर्यंत देता येते," वीरेंद्र म्हणाला. "पण द्यायलाच पायजे असं नाही. जज माणूस पाहते, घर पाहते. उद्या सरकारी वकील सांगन शिक्षा काहून वाढवावी, मी सांगन काहून कमी करावी. त्याच्याचसाठी आलो मी."

"वाढवाले आता काय रायलं?" मंदाबाईने विचारलं.

"तार, मंदाताई. भावाले पाहल्यावर भाऊजीनं पहिले काय केलं? तार गुंडाळली आणि धानाच्या पुंजण्यात खुपसली. मंग लोकं बोलावले. वरून साप चावला म्हणून सांगतलं. हे आपल्याले लय जड जाणार हाय."

ते खरंच होतं, आणि घरात त्यावर बोलायचं नाही असं न ठरवता ठरलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; इथे मूठ कोर्टाने केव्हाच उघडली होती, तरी घरच्यांनी बोटं आवळून धरली होती.

"आता आपल्या बाजूचं," वीरेंद्र सरसावून बसला. अशा वेळी त्याचा आवाज सोयरीक जमवणाऱ्या माणसासारखा व्हायचा. "साठीले आलेला माणूस. म्हातारी माय. भावाची पोरगी तेच शिकवून राहिले. आजपावतो ठाण्यात नाव नाही, पहिलीच वेळ. आणि मोठी गोष्ट म्हणजे आजूबाजूच्या सगळ्यायले त्यायनं सांगून ठेवलं होतं. करंट सोडून राहिलो, रातचं इकडून येऊ नोका म्हणून. सरकारचेच साक्षीदार माह्या प्रश्नाले हो म्हणले. माणूस बेफिकीर नव्हता, हे त्याच्यातून दिसते."

"सगळ्यायले?" रिताने विचारलं.

तिची साक्ष झाली त्या दिवशीच ती कोर्टात गेली होती. आधी बाहेरच्या बाकावर बसवलं, मग आत बोलावलं, मग घरी पाठवलं. बाकीच्या तारखांना कोण काय बोललं, ते तिच्या कानापर्यंत कोणी आणलं नव्हतं.

"सगळ्यायले, वहिनी. वरच्या बांधीवाले, नाल्याकडचे, तुमची ते कुंताबाई…"

"कुंताबाईले पण?"

"तिनं तर साफ सांगतलं. दिवस बुडता घरी येऊन सांगून गेले म्हणे."

"मंग दामिनीच्या बाबाले काहून नाही सांगतलं?"

मंदाबाई कप उचलायला वाकली. वीरेंद्रने तिच्याकडे पाहिलं. खटला चालला तेवढ्या काळात हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता, आणि त्यानेही स्वतःला विचारला नव्हता.

"सांगतलं असन," शकुनबाई म्हणाली. "सांगतलंच असन बाई. सुखराम कधी कोणाचं ध्यान देऊन आयके? लहानपणापासून तसाच होता तो. पाण्याले धाडलं तर बोरं घेऊन ये."

"तेच म्हणतो मी," वीरेंद्रला वाट मिळाली. "चांगली सडक सोडून अंधारात धुऱ्यावरून यायचं काम काय होतं? मेलेल्याची स्वतःची बेपर्वाई, हा पण आपल्या बाजूचा मुद्दा होते. आणि सगळ्यात वजनदार मुद्दा तुम्ही, वहिनी. जिचं माणूस गेलं तिनंच म्हटलं की माहा राग नाही, तर जजले मनावर घ्याच लागते. उद्या विचारलं तर एवढंच म्हणा. दुसरं काहीच नोका बोलू."

रिता वळली आणि मागच्या दाराने निघून गेली. वकिलाने हे होकाराचं लक्षण धरलं. वकिलांना तशी सवय असते.

---

मंदाबाई तिच्या मागोमाग गेली. रिता गोठ्याशी शेणाची पाटी भरत होती, जणू आज पाहुणा नाही, उद्या कोर्ट नाही. मंदाबाईला तिची भीती वाटली. वीस वर्षं एका चुलीवर रांधलं, एकमेकींची दुखणीखुपणी काढली, आणि आज पहिल्यांदा धाकट्या जावेच्या पाठीकडे पाहून तिला भीती वाटली.

कारण मंदाबाईला उत्तर ठाऊक होतं.

सुखराम गेला त्याच्या आदल्या साली याच तारेवर कुंताबाईची दुभती म्हैस मेली होती. गावाने ठाण्यात जाऊ दिलं नाही. गावची गोष्ट गावात, म्हणून पंच मारुतीच्या पारावर बसले. सेवकरामने गोठ्यातली कालवड सोडून कुंताबाईच्या दारी बांधली, आणि गावच्या रिवाजाप्रमाणे नव्या धानाची मूठ हातात घेऊन शपथ खाल्ली, पुन्हा करंट लावणार नाही म्हणून. पण पंचांना त्याच्या बोलण्याचा भरवसा नव्हता. माणूस वाईट नव्हता, पण आज हो, उद्या पाहू, असा. अशा वेळी कोणीतरी त्या मुठीवर हात ठेवून जामीन राहावं लागतं. कोणी पुढे होईना. तेव्हा सुखराम उठला, भावाच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "याच्या बोलीले मी जामीन."

वर्ष नाही झालं तर डुकरं परत आली. एका रात्रीत अर्धी बांधी लोळवून गेली. सेवकरामने माळ्यावरची तार काढली.

"तुमाले मालूम होतं, जाऊबाई?" रिताने पाटी खाली न ठेवता विचारलं.

मंदाबाईने खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं तेव्हा खरंच बाहेर आलं. "होतं."

"मंग?"

"मी म्हणलं त्यायले, सुखराम भाऊजीले सांगा. म्हणे कोणत्या तोंडानं सांगू? त्यानं माह्यासाठी पंचात हात ठेवला. दोन दिवसानं काढूनच टाकतो, तवर त्याले काय मालूम होते. लाज वाटे त्यायले, रिता. दुसरं काही नव्हतं मनात. तुह्या गळ्याची आन."

"कुंताबाईची तर म्हैस मेली होती. तिले सांगाची लाज नाही वाटली?"

"तिच्या पाया पडले. सगळ्यायच्याच पाया पडले. तार लावून राहिलो, पण सुखरामले नोका सांगू, म्हणून."

रिताने पाटी खाली ठेवली. ती रडली नाही. मंदाबाईला वाटलं होतं ती ओरडेल, अंगावर येईल. त्याची तयारी ठेवून ती उभी होती.

"दोन वर्षं," रिता म्हणाली, "दोन वर्षं मी त्याच्यावर चिडून होती. फोटोसमोर उभी राहून बोलत होती, की कायले मेला रे सडक सोडून? पोरीचा इचार नाही केला? मी त्याले बेअक्कल म्हणलं, जाऊबाई. आणि तो तर…"

सुखरामला त्या रात्री सडकेपेक्षा तो धुराच जास्त भरवशाचा वाटला असणार. तिथे भावाची शपथ होती आणि त्या शपथेवर त्याचा स्वतःचा हात होता. गावात बाकी सगळे त्या रात्री त्या बांधीला वळसा घालून गेले.

"हे कोर्टात काढू नोको," मंदाबाई म्हणाली. आता तिच्या आवाजात मोठेपण उरलं नव्हतं. "म्हशीचं कोणालेच मालूम नाही तिथं. पहिलीच वेळ म्हणून तर सोडतील थोडं. तू बोलली तर ते दहा वर्षं आत जातील आणि तिथूनच जातील. दामिनीची फी कोण भरन? तुह्या वाटणीचं मी स्वतः उभी राहून करून देतो. तुह्या माणसाचा जीव काही येणार हाय का वापस?"

दारात दामिनी उभी होती. किती वेळ होती, कोण जाणे. "आई," ती म्हणाली, "मोठेबाबा घरी आले पायजे." बाप गेल्यावर दर सोमवारी तिला एस.टी.वर सोडायला येणारा, बस निघेपर्यंत खिडकीखाली उभा राहणारा माणूस तिला आठवत होता. तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. पोरांना माणूस जसा भेटतो तसा ते जपतात.

आणि मग शकुनबाई आली. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत आली आणि सरळ धाकट्या सुनेच्या पायाशी बसली. रिता घाबरून मागे सरकली.

"आत्याबाई, असं काय करता!"

"एकाले मी चितेवर पाहलं," म्हातारी म्हणाली. "दुसऱ्याले मले जिता पाहू दे बाई. त्यानं सांगतलं असन सुखरामले. मले मालूम हाय. माहे पोरं एकमेकायपासून काही लपवत नव्हते. एका ताटात जेवले दोघं."

रिताने सासूला दोन्ही हातांनी धरून उठवलं.

"उद्या येतो मी कोर्टात," रिता म्हणाली. "विचारलं तर बोलीन."

काय बोलेल, ते तिने सांगितलं नाही.

---

सेवकरामने दोन वाक्यं पाठ केली होती. वीरेंद्रने सकाळीच त्याला गाठून सांगितलं होतं. 'माझी म्हातारी आई आहे. माझ्यावर सगळं घर आहे, दया करा.' हात जोडायचे, मान खाली ठेवायची, बाकी एक अक्षर नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून तो ती दोन वाक्यं मनात घोकत होता.

सरकारी वकिलांचं आधी झालं. ते आवाज न चढवता बोलले आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. सख्खा भाऊ मरून पडला असताना या माणसाने आधी तार लपवली, भावाला हात नंतर लावला. वाढीव शिक्षेला याहून मोठं कारण काय द्यावं, असं ते म्हणाले. सेवकरामला ती पहाट आठवली. तार गुंडाळताना तिचं टोक सुखरामच्या बंडीत अडकलं होतं. त्याने ते सोडवलं होतं. हे त्याने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, अन् सांगणारही नव्हता.

मग वीरेंद्र उठला. वय, आई, पुतणी, स्वच्छ पूर्वायुष्य. सगळ्यांना दिलेली पूर्वसूचना. नेहमीची वाट सोडून आलेला मृत. बोलता बोलता त्याने मागे हात केला. "मृताची पत्नी स्वतः कोर्टात हजर आहे."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

रिता उठली. या घरात आल्यापासून ती भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, कधी तोंड उघडून बोलली नव्हती. त्याला काही सांगायचं तर मंदाबाईमार्फत, नाहीतर पोरीमार्फत. आजही तिने पदर कपाळापर्यंत ओढला होता, आणि सेवकरामला तिचा फक्त आवाज ऐकू आला.

"साहेब, मले सांगतलं होतं, माहा राग नाही असं म्हण म्हणून. राग हाय. पण त्याच्यासाठी नाही उठली मी. वकीलसाहेब आता म्हणले, माहा माणूस बेपर्वा होता, वाट सोडून आला. तो बेपर्वा नव्हता, साहेब. त्याले भरोसा होता. तो जायच्या आदल्या साली याच तारेवर म्हैस मेली होती. तवा पंचात भासऱ्यायनं धानाची मूठ घेऊन शपथ खाल्ली, आणि माह्या माणसानं त्याच्यावर हात ठेवला. सगळ्या गावाले सांगतलं म्हणता ना, तसंच सांगतलं होतं. फक्त माह्या माणसाले नाही. आणि बाकीच्यायले पण सांगू नोका म्हणलं. ही पहिली वेळ नाही."

वीरेंद्र ताडकन उठला. हे पुराव्यात नाही, एकाही साक्षीदाराने सांगितलेलं नाही, हे विचारात घेता येणार नाही. त्याचं बरोबरच होतं. न्यायाधीशांनीही मान हलवली. "बाई, जे साबित झालेलं नाही, ते मला धरता येत नाही. बसा तुम्ही." मग ते पिंजऱ्याकडे वळले. "सेवकराम, शिक्षेबाबत तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

वीरेंद्रने खालच्या खाली हात जोडून दाखवले. दोन वाक्यं. सेवकरामने तोंड उघडलं. समोर बाकावर आई बसली होती, गळा ताणून, एका कानामागे हात धरून. शेजारी मंदा. तिने डोळे मिटले होते. आत्ता ती दोन वाक्यं बोलला असता तर रिताचं म्हणणं हवेत विरून गेलं असतं, कोर्टाने स्वतःच तशी सोय करून दिली होती. आणि मग तो घरी गेला असता, दोन वर्षांनी म्हणा, तीन वर्षांनी म्हणा, आणि रिता त्याच्यापुढे तसाच पदर ओढून ताट ठेवून गेली असती. सुखराम गावात बेअक्कल म्हणून मेलेला राहिला असता.

"माही म्हातारी माय हाय, साहेब," तो म्हणाला आणि थांबला. "ते सांगून राहिली ते खरं हाय. सगळ्यायले सांगतलं मी. भावालेच नाही सांगतलं. त्यानं माह्यासाठी हात ठेवला होता, त्याच्या तोंडाकडं पाहाची लाज वाटली मले. एवढंच. त्याचा काही कसूर नव्हता."

वीरेंद्र खाली बसला. न्यायाधीश बराच वेळ लिहीत राहिले.

दुपारी शिक्षा झाली. सात वर्षं. तार लपवली ते विरुद्ध गेलं. लोकांना दिलेली सूचना, जी काल आपल्या बाजूची म्हणून मोजली होती, तीही उलटली. ज्याला खरा धोका होता त्यालाच अंधारात ठेवलं, असं निकालात आलं. वय आणि आई बाजूने गेली. उशिरा का होईना, आरोपी खरं बोलला, हेही बाजूने गेलं. कशाने किती चढलं आणि कशाने किती उतरलं, ते मंदाबाईने वीरेंद्रला विचारलं. तो म्हणाला, "असं तोडून नाही सांगता येत, ताई." मंदाबाईने रिताकडे पाहिलंच नाही. ती हायकोर्टाचं विचारू लागली.

जिन्यापाशी पोलिसांनी त्याला आईसाठी थांबवलं. दंडाला हवालदाराचा हात, तसाच तो वाकला आणि शकुनबाईच्या पायाला हात लावला. दामिनी भिंतीकडे तोंड करून रडत होती. म्हातारीने त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, लहानपणी घ्यायची तसं. रात्रभर ती एकच गोष्ट धरून बसली होती, की त्याने सांगितलं असेल. आता तिने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कुंताले सांगतलं?"

"हो माय."

"नाल्याकडच्यायले सांगतलं?"

"हो."

"आणि माह्या पोराले नाही सांगतलं?"

"माय," सेवकराम म्हणाला. "माय, मी…"

म्हातारीने त्याचं डोकं सोडलं. मग तिने आजूबाजूला चाचपडत रिताचा हात शोधला, तो धरला, आणि एकेक पायरी करत दोघी जिना उतरू लागल्या.